‘पिशवी’ हा शब्द आता टाकून देऊ या

आपल्या वस्त्यांमध्ये, गावांमध्ये, नातेवाइकांच्या बैठकीत एक वाक्य फार सहज बोलले जाते: “तिची पिशवी काढली.” दाढ काढली, कान टोचले, तितक्याच सहजपणे. पिशवी म्हटले की डोळ्यांसमोर बाजाराची पिशवी येते. भरायची, रिकामी करायची आणि फाटली की फेकून द्यायची. दोन लेकरे झाली, कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन झाले, मग पिशवीचे आता काय काम? हा प्रश्न डॉक्टर विचारतात, सासू विचारते, नवरा विचारतो आणि शेवटी ती बाईसुद्धा स्वतःला विचारू लागते. तिशीतल्या बाईचे गर्भाशय काढले जाते आणि कोणालाच त्यात वावगे वाटत नाही.

आरोग्याच्या या पानावर आम्ही आजवर रक्तदाब, साखर, क्षय यांबद्दल लिहीत आलो. या अंकात आम्ही थेट या शब्दाविरुद्ध लिहीत आहोत. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया कधीच करू नये, असे आमचे म्हणणे नाही. कर्करोग असेल, बाळंतपणात रक्तस्राव थांबतच नसेल, मोठ्या गाठींमुळे रक्त कमी होऊन जीव धोक्यात आला असेल, अंग बाहेर येत असेल आणि इतर उपाय हरले असतील, तर ही शस्त्रक्रिया जीव वाचवते, त्रास संपवते. आमचा विरोध आहे तो बाईला अंधारात ठेवून केलेल्या शस्त्रक्रियेला. आणि हा अंधार दूर करायचा असेल तर आपल्या शरीरातील संप्रेरके काय करतात, हे आपल्याला नीट समजून घ्यावे लागेल.

बीडने दाखवलेला आरसा

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांची बातमी देशभर गाजली. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली. त्यांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा बायांमागे एकीचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये देशभराचे हे प्रमाण शंभरात सुमारे ३ आहे. शंभरात तीन कुठे आणि शंभरात सोळा-सतरा कुठे!

या बाया कोण आहेत? कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर पोट भरत नाही म्हणून दसरा-दिवाळीनंतर घराला कुलूप लावून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर जाणाऱ्या. त्यांत भटक्या-विमुक्त समाजांतल्या आहेत, मातंग आहेत, आपल्या बौद्ध समाजातल्याही आहेत. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. पाचटाच्या कोपीत राहायचे, पहाटे अंधारात उठायचे, डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरायची. पाणी लांब, संडास नाही, कापड बदलायला आडोसा नाही. अशा जागी पाळी म्हणजे चार दिवसांचा तोटा. अंगावरून पांढरे जाऊ लागले, ओटीपोट दुखू लागले की बाई गावाजवळच्या खासगी दवाखान्यात जाते. तिथे सोनोग्राफी होते आणि “पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल” असे ऐकवले जाते. तिच्या पोटाची भीती आणि तिच्या मजुरीचे गणित दोन्ही एकाच उत्तराकडे बोट दाखवतात.

या प्रकरणानंतर बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. बिहार, छत्तीसगड, राजस्थान या राज्यांतील अशाच तक्रारींवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकेचा निकाल एप्रिल २०२३ मध्ये लागला आणि केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी स्वीकारावीत असा आदेश झाला. म्हणजे कायदा जागा झाला आहे. पण परवानगीच्या कागदावर अंगठा कोणाचा? त्या बाईचाच. तिला ठाऊकच नसेल की आपण काय गमावणार आहोत, तर त्या संमतीला अर्थ काय?

निरोप आणि तो घेणारा

संप्रेरक, म्हणजे ज्याला आपण हार्मोन म्हणतो, हा शरीरातील एक रासायनिक निरोप असतो. एका ठिकाणी तयार होतो, रक्तातून सगळीकडे फिरतो आणि दूरच्या अवयवाला काम सांगतो. प्रमाण किती म्हणाल? इस्ट्रोजेन हे बाईच्या अंडाशयात तयार होणारे मुख्य संप्रेरक. एक मिलिलिटर रक्तात ते एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कमी असते. इतक्या कणभर वस्तूवर हाडांपासून मेंदूपर्यंतचा कारभार चालतो.

हे कसे घडते? निरोप नुसता पाठवून चालत नाही, तो घेणाराही लागतो. संप्रेरक रक्तातून सगळ्या पेशींजवळून जाते, पण ज्या पेशीत त्याच्यासाठी खास प्रथिन असते तीच पेशी त्याला प्रतिसाद देते. या प्रथिनाला ग्राही म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेत रिसेप्टर. कुलूप आणि किल्ली यांसारखे हे नाते असते. इस्ट्रोजेन चरबीत विरघळणारे असल्याने पेशीच्या आत शिरते आणि तिथल्या ग्राहीला जाऊन बसते. मग अशा दोन ग्राहींची जोडी होते, ती पेशीच्या केंद्रातील डीएनएच्या ठराविक जागी चिकटते आणि काही जनुके चालू करते, काही बंद करते. पेशी नवी प्रथिने बनवू लागते. याला तास लागतात, कधी दिवस लागतात. मेंदूच्या बुडाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून येणारी संप्रेरके मात्र स्वतः प्रथिनांची असल्याने पेशीच्या आत शिरत नाहीत. ती दारावरच्या ग्राहीला धरून बाहेरूनच आत हुकूम पोचवतात.

अमेरिकेतील शास्त्रज्ञ एलवूड जेन्सन यांनी १९५०च्या दशकाच्या शेवटी शिकागो विद्यापीठात किरणोत्सारी खूण केलेले इस्ट्रोजेन उंदरांना देऊन ते कुठे साठते हे तपासले. ते गर्भाशयात टिकून राहिले, इतर काही अवयवांतून मात्र निघून गेले. त्यावरून इस्ट्रोजेनला धरून ठेवणारे काहीतरी त्या पेशींत असते हे सिद्ध झाले. १९९६ साली स्वीडनमधील यान-ओके गुस्ताफसन यांच्या प्रयोगशाळेने इस्ट्रोजेनचा दुसरा ग्राही शोधला. तो कुठे सापडला? नर उंदराच्या प्रोस्टेट ग्रंथीत. म्हणजे इस्ट्रोजेन ही फक्त ‘बायकी’ गोष्ट आहे हा समजही गेला.

ग्राही नसेल तर काय होते, याचे एक बोलके उदाहरण १९९४ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील एका २८ वर्षांच्या पुरुषाची उंची २०४ सेंटिमीटर झाली होती आणि ती अजून वाढतच होती. त्याच्या रक्तात इस्ट्रोजेन भरपूर होते. पण जनुकातील दोषामुळे त्याचा ग्राही कामच करत नव्हता. त्यामुळे वयात आल्यावर हाडांची टोके बंद व्हायला हवी होती ती झाली नाहीत आणि हाडे मात्र ठिसूळ झाली. निरोप होता, घेणारा नव्हता. आपल्या धम्मात प्रतीत्यसमुत्पाद शिकवला जातो. कोणतीही गोष्ट एकटी, आपोआप घडत नाही. कारणे एकत्र आली की ती घडते आणि कारण गेले की तीही जाते. शरीराचा कारभार याच नियमाने चालतो. तिथे दैव नाही, देवीचा कोप नाही.

पाळीत विटाळ कुठे आहे?

आता पाळीचे चक्र पाहू. पियूषिकेतून आलेल्या संप्रेरकामुळे अंडाशयात एक बीज वाढू लागते. त्याच्या भोवतालच्या पेशी इस्ट्रोजेन बनवतात. इस्ट्रोजेन गर्भाशयाच्या आतील अस्तराला जाडी आणते आणि आणखी एक महत्त्वाचे काम करते: अस्तराच्या पेशींमध्ये प्रोजेस्टेरॉनचे ग्राही वाढवते. म्हणजे पहिला निरोप दुसऱ्या निरोपासाठी घर तयार ठेवतो. बीज बाहेर पडल्यावर अंडाशयातून प्रोजेस्टेरॉन येते आणि अस्तर गर्भासाठी तयार होते. गर्भ राहिला नाही की दहा-चौदा दिवसांत प्रोजेस्टेरॉन खाली येते, अस्तराच्या छोट्या रक्तवाहिन्या आकसतात आणि अस्तर गळून पडते. ही झाली पाळी.

यात अपवित्र काय आहे? याच अस्तराने उद्या बाबासाहेबांच्या विचारांचा एखादा वारसदार नऊ महिने पोसला असता. ज्या शब्दाने आपल्या पूर्वजांना पाणवठ्यावरून हाकलले गेले तोच ‘विटाळ’ हा शब्द घरातल्या लेकीसुनेला लावला जातो. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतलेल्या समाजाच्या घरात मुलगी चार दिवस कोपऱ्यात बसावी, ही गोष्ट आम्हाला सहन होत नाही. लग्नसमारंभासाठी, पूजेसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणल्या जातात, त्याही याच लाजेपोटी. या गोळ्या प्रोजेस्टेरॉनच्या ग्राहीवर काम करतात आणि अस्तर गळू देत नाहीत. ज्यांना रक्तात गुठळी होण्याचा धोका आहे अशांना त्या घातक ठरू शकतात. वंदनेला, विहारात जाण्यासाठी तर त्यांची गरजच नाही. बुद्धासमोर बसायला पाळी आड येत नाही.

विटाळाचे खरे नुकसान पुढे आहे. लाजेमुळे बाई बोलत नाही. अंगावर जास्त जाते, सांगत नाही. पांढरे जाते, खाज येते, सांगत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के महिलांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्यात महिन्या-महिन्याला अति रक्त जात असेल तर बाई खचते. सांगायची वेळ येते तेव्हा त्रास सोसवेनासा झालेला असतो आणि समोरचा म्हणतो, पिशवी काढून टाका. मौनाची किंमत अशी मोजावी लागते.

गर्भाशयाबरोबर काय जाते?

अनेक बाया म्हणतील, गर्भाशय काढले तरी इस्ट्रोजेन तर अंडाशयात बनते ना? बरोबर. म्हणून पहिला प्रश्न हा की शस्त्रक्रियेत अंडाशय ठेवले की काढले. आम्ही ज्यांच्याशी बोलतो त्यांतील कितीतरी जणींना याचे उत्तर देता येत नाही. कागद घरात असतो, पण इंग्रजीत.

दोन्ही अंडाशय काढले तर एक-दोन दिवसांत इस्ट्रोजेन एकदम कोसळते. निसर्गतः आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास जाते आणि त्याआधी काही वर्षे शरीराला हळूहळू सवय होते. तिशीत अंडाशय काढलेल्या बाईला ही सवय व्हायला वेळच मिळत नाही. अंडाशय ठेवले तरी धोका पूर्ण टळत नाही. अंडाशयाला मिळणाऱ्या रक्ताचा काही भाग गर्भाशयाच्या रक्तवाहिनीतून येतो. तो तुटल्यावर काही बायांचे अंडाशय काही वर्षे लवकर थकतात आणि पाळी नसल्यामुळे ते थकले हे कळतही नाही.

मग इस्ट्रोजेनचे ग्राही कुठे-कुठे आहेत हे मोजून पाहा. हाडांत आहेत. हाड रोज झिजते आणि रोज भरते. झीज करणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन आवर घालते. ते गेले की झीज वाढते आणि भरणे मागे पडते. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत काही बायांच्या हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. ही गोष्ट पन्नाशीत झाली तर म्हातारपणी त्रास होतो. बत्तिसाव्या वर्षी झाली तर चाळिशीतच कंबर, गुडघे, मणके बोलू लागतात. रक्तवाहिन्यांच्या आतील थरात ग्राही आहेत. इस्ट्रोजेन त्यांना लवचीक ठेवते. म्हणून कमी वयात दोन्ही अंडाशय काढलेल्या आणि पुढे संप्रेरकांचे औषध न मिळालेल्या महिलांत हृदयविकाराचा धोका वाढतो. मेंदूत ग्राही आहेत. झोप, आठवण, मनाची स्थिरता आणि शरीराचे तापमान यांच्याशी त्यांचा संबंध आहे. अंगातून अचानक वाफा निघणे, रात्री घामाघूम होऊन उठणे, चिडचिड, उदासी हे सारे निरोप बंद झाल्याचे परिणाम आहेत. योनीमार्गात आणि लघवीच्या मार्गातही ग्राही आहेत. तिथे कोरडेपणा येतो, संबंधाच्या वेळी दुखते, लघवीची जळजळ वारंवार होते.

आता या यादीकडे ऊसतोड करणाऱ्या, बांधकामावर घमेले उचलणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या नजरेने पाहा. तिचे सगळे भांडवल म्हणजे तिचे हाड आणि तिचा स्नायू. खाडे वाचावेत म्हणून तिने गर्भाशय काढले आणि दहा वर्षांनी तिला मोळीच उचलवेना. घरचे म्हणतात, आळशी झाली, चिडकी झाली, अंगात काही शिरले. कोणी बाबा-बुवाकडे नेतात. तिच्या रक्तातून एक निरोप नाहीसा झाला आहे, हे तिला कोणीच सांगत नाही. आमच्या मते हा वैद्यकीय प्रश्न जितका आहे तितकाच न्यायाचा आहे. श्रीमंत घरातल्या बाईला डॉक्टर तीन पर्याय समजावून सांगतात. गरीब, मागास जातीतल्या बाईला एकच सांगतात.

पर्याय आहेत

गर्भाशयाच्या बहुतेक तक्रारी औषधाने आटोक्यात येतात. पांढरे जाणे हे पुष्कळदा जंतुसंसर्गामुळे असते; तपासून योग्य औषध घेतले, नवऱ्यालाही गरजेनुसार औषध दिले की ते बरे होते. चाळिशीच्या पुढे किंवा वयात येताना जास्त रक्त जाते ते अनेकदा बीज बाहेर न पडल्यामुळे. प्रोजेस्टेरॉन बनत नाही, एकट्या इस्ट्रोजेनवर अस्तर वाढत राहते आणि मग वेडेवाकडे गळते. इथे उणीव एका निरोपाची आहे, तो निरोप गोळीने देता येतो. गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधनही मिळते, ते काही वर्षे अस्तर पातळ ठेवते. थायरॉइड बिघडले असेल तर त्यावर उपचार केले की पाळी ताळ्यावर येते.

ग्राहीचे शास्त्र आपल्या देशानेही कामाला लावले आहे याचा अभिमान वाटावा. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत नित्य आनंद यांच्या नेतृत्वाखाली सेंटक्रोमन हे औषध तयार झाले. १९९१ साली ते ‘सहेली’ या नावाने बाजारात आले आणि २०१६ पासून ‘छाया’ या नावाने सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमात मोफत मिळते. यात संप्रेरक नाही. ही गोळी इस्ट्रोजेनच्या ग्राहीवर जाऊन बसते. गर्भाशयात ती इस्ट्रोजेनला जागा देत नाही, हाडांत मात्र थोडेफार इस्ट्रोजेनसारखेच काम करते. किल्ली एकच, पण एका दाराला कुलूप लावते आणि दुसरे दार किलकिले करते. गर्भनिरोधासाठी ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घेतात. जास्त रक्त जाण्यावरही डॉक्टर ती वापरतात. कावीळ झालेली असेल, अंडाशयाचे विकार असतील तर तसे डॉक्टरांना सांगूनच घ्यावी. आशाताईंना विचारा, उपकेंद्रात विचारा. तालुक्याच्या ठिकाणी हजारो रुपयांचे कर्ज काढून शस्त्रक्रिया करण्याआधी निदान एवढे तरी आपल्या बायांना माहीत हवे.

आणि ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी खचून जाऊ नये. आपले कागद घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभागात जा आणि अंडाशय आहेत की नाहीत ते विचारा. ४५ च्या आत दोन्ही अंडाशय गेले असतील तर निसर्गतः पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेनचे औषध घेता येईल का, हे विचारा. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा आजार असेल तर ते चालत नाही, म्हणून स्वतःच्या मनाने घेऊ नये. नाचणी, तीळ, हिरव्या पालेभाज्या, सुकट-बोंबील जेवणात असू द्या. तंबाखूची मिश्री हाडांची आणि हृदयाची शत्रू आहे, ती सोडा. रक्तदाब तपासत राहा.

आमचे म्हणणे

बाबासाहेबांनी बाईच्या शरीराचा प्रश्न कधी खासगी मानला नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूतीच्या काळात कामगार स्त्रीला विश्रांती आणि भत्ता मिळावा या विधेयकाच्या बाजूने ते उभे राहिले आणि आईला मिळणारी विश्रांती हे राष्ट्राचे हित आहे अशी त्यांची मांडणी होती. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत त्यांच्या पक्षातर्फे संततिनियमनाच्या सोयी सरकारने द्याव्यात असा ठराव मांडला गेला; बाबासाहेबांच्या अनुपस्थितीत तो पी. जे. रोहम यांनी मांडला. ठराव फेटाळला गेला, पण त्या काळात जो विषय कोणी तोंडावर आणत नव्हते तो सभागृहात आणला गेला. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत समाजाची प्रगती बायांच्या प्रगतीवरून मोजण्याची कसोटी त्यांनी दिली. तीच कसोटी लावली तर ज्या समाजातील बाईला आपले अंडाशय शरीरात आहेत की नाहीत हे ठाऊक नाही, त्या समाजाने स्वतःला किती गुण द्यावेत?

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. प्रत्येक कारखान्याच्या फडावर हंगामात पाणी, संडास, आडोसा आणि आरोग्य तपासणी असलीच पाहिजे, आणि पाळीतील आजारपणाला खाडा धरू नये. शस्त्रक्रियेचे संमतिपत्र मराठीत हवे. त्यात अंडाशय काढणार की ठेवणार, दुसरे कोणते उपाय करून पाहिले आणि पुढे काय परिणाम होतील हे लिहिलेले हवे. कोणत्या रुग्णालयात किती वयाच्या किती बायांचे गर्भाशय काढले गेले याची आकडेवारी दरवर्षी जाहीर व्हावी. आणि ज्यांची गर्भाशये आधीच काढली गेली त्या हजारो बायांची हाडे, रक्तदाब आणि हृदय यांची तपासणी सरकारने मोफत करावी. परवानगीचा नियम झाला म्हणून त्यांच्यावरचा अन्याय मिटत नाही.

काही कामे मात्र सरकारची वाट न पाहता आपण करू शकतो. कालाम सुत्तात भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की परंपरेने आले म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. तपासून पाहा, हिताचे ठरले तर स्वीकारा. पांढरा कोट घातलेल्या माणसालाही हाच नियम लागू आहे. डॉक्टरांचा मान ठेवून विचारा: मला नेमका आजार कोणता? औषधाने किती दिवस प्रयत्न करता येईल? गर्भाशयाच्या मुखाची तपासणी केली का? कॅन्सर आहे असे तपासणीत दिसले की नुसती शक्यता सांगता? अंडाशय ठेवणार ना? आणि सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेईपर्यंत थांबलो तर काही बिघडेल का? जीव वाचवण्याची घाई असेल तेव्हा डॉक्टर तसे स्पष्ट सांगतात. बाकी वेळी या प्रश्नांनी कोणाचा अपमान होत नाही.

आपल्या विहारांत वर्षावासात प्रवचने होतात, रविवारी वंदना होते, महिला मंडळे जमतात. त्यातला एक रविवार या विषयाला द्या. गावातील आशाताईंना, सरकारी दवाखान्यातील डॉक्टरबाईंना बोलवा. पुरुषांनाही बसवा, तोंड फिरवून बाहेर जाऊ देऊ नका. मुलींना शाळेच्या पुस्तकातली आकृती दाखवा आणि त्यातील प्रत्येक अवयवाचे नाव मोठ्याने म्हणायला लावा. गर्भाशय. अंडाशय. ज्याला नाव असते त्याबद्दल प्रश्न विचारता येतो, आणि जिने प्रश्न विचारला तिला फसवणे अवघड असते. सुरुवात आपल्या घरातल्या बोलण्यापासून करू या. यापुढे आपल्या घरात कोणाची पिशवी काढली असे कोणी म्हणाले, तर तिथल्या तिथे थांबवा आणि विचारा: गर्भाशय काढले का? कशासाठी? आणि अंडाशयांचे काय झाले?

जय भीम! नमो बुद्धाय!